रेवाच्या बाईंचं नाव

सोमवार, ३ मार्च

आधी आली ती उंच बाई. दारात उभी राहून बूट काढू की नको असं करत होती — आणि काढले! मोज्याला अंगठ्याजवळ भोक. तिथंच मला ती आवडून गेली. ब्रीद तिचं नाव. रेवाच्या शाळेतली, पण शिकवत नाही. पोरांच्या घरी जायचं, आईबापाजवळ बसायचं, काय अडलंय विचारायचं, हेच तिचं काम. पगारी! मी योगिनीला हळूच विचारलं, तक्रार घेऊन आलीय का गं? सूनबाई म्हणाली, "नाही हो आई. सगळ्यांकडे जातात त्या."

तिच्या मागून ईफा. ही रेवाची इंग्रजीची बाई. ज्या पोरांच्या घरात इंग्रजी नाही, त्यांना रोज थोडा वेळ एका लहान खोलीत घेऊन बसते. चित्रं दाखवते, खेळवते, गाणी म्हणून घेते. केस इतके तांबडे, मला वाटलं मेंदी लावते. तर जन्मापासून तसेच म्हणे!

आता गंमत. सलीलनं विचारलं, चहा घेणार? ब्रीदबाई म्हणाली, "आह नो, आय ॲम ग्रँड." तर हा शहाणा सरळ खाली बसला! मी म्हटलं, अरे ऊठ की. म्हणतो, "आई, त्या नको म्हणाल्या." अरे, पाहुणा पहिल्यांदा नकोच म्हणणार ना! मी आपला चहा टाकला, आलं किसून. शंकरपाळ्यांचा डबा पुढं धरला. परत "ग्रँड, ग्रँड." मी डबा धरून उभीच. मग एक उचलली. मग डबाच जवळ ओढला! ही माणसं थेट आपल्यातली आहेत. उगाच मी एवढ्या लांब, परदेशात यायला घाबरत होते.

रेवा सगळा वेळ माझ्या पदराआड.

बोलणं तिच्यावरच चाललं होतं. उन्हाळ्यानंतर शाळा सुरू झाली तेव्हापासून पोरीनं वर्गात तोंड उघडलेलं नाही. एक शब्द नाही! कळतं सगळं. चित्र दाखवलं की बोट बरोबर ठेवते. पण बोलत नाही. आणि गेल्या आठवड्यात शाळेनं दिलेली दुसरीच विजार घालून घरी आली. स्वतःची पिशवीत, ओली. सात वर्षांची पोर! कराडला बालवाडीतसुद्धा कधी असं झालं नाही. तशीच बसून राहिली म्हणे, बाईंना सांगितलंच नाही. त्याच्यासाठीच दोघी आल्या होत्या. रागवायला नाही. ईफाबाईचाच चेहरा पडलेला, जसं काही तिचीच चूक.

सलीलनं सांगून टाकलं — घरात आम्ही आता इंग्रजीच बोलतो, रेवाशी मराठी बंद. आणि ईस्टरच्या सुट्टीपर्यंत बोलली नाही, तर आईबरोबर, म्हणजे माझ्याबरोबर, परत कराडला पाठवणार, तिथल्या शाळेत घालणार.

ब्रीदबाईनं कप खाली ठेवला.

ईफा काय म्हणाली ते योगिनीनं मला सांगितलं. म्हणाली, मराठी बोला. भरपूर बोला. गोष्टी सांगा, गाणी म्हणा, भांडा, सगळं मराठीत. घरातली भाषा पायाखाली पक्की असली की दुसरीकडे पाऊल टाकता येतं. नाहीतर पोरगी दोन्हीकडून लटकते. सलील म्हणाला, "आर यू शुअर?" एवढं मलाही कळलं. ती म्हणाली, शुअर.

मी मान हलवून हलवून हो म्हटलं. मला विचारलं नव्हतं, तरी.

मंगळवार, ४ मार्च

दिवसभर बोलले! शाळेतून आल्यापासून रेवा आणि मी. घसा बसला. आले तेव्हापासून या घरात मी मुक्यासारखी. पोरगी जवळ यायची, काही विचारायला तोंड उघडायची आणि बापाकडे बघून मिटायची. आज बाप समोर बसून मटार सोलत होता आणि आम्ही दोघी कुंभाराच्या गाढवाची गोष्ट करत होतो. मधेच तोच म्हणाला, "आई, ते गाढव नदीत पडतं ते राहिलं."

शुक्रवार, ७ मार्च

दुपारी खाडीवर गेले. घरापासून जवळच आहे, एकटी जाते आता. शॅनन नदी इथं इतकी पसरते की पलीकडचा काठ आहे की नुसतं वाटतंय ते कळत नाही. धुकं होतं. बाकावर बसले. विमान आलं — आधी नुसता आवाज, मग पोट, मग शेपूट. परत सगळं पांढरं.

डोळा लागला असणार. कृष्णा वाहत होती, आणि तिच्यातून विमानं उतरत होती, होड्यांसारखी, आवाज न करता. रेवा घाटावर बसून पाय हलवत होती. मी म्हटलं, चल घरी. तिनं ऐकलं नाही. जागी झाले तर एक कुत्रं माझी चप्पल हुंगत होतं. त्याच्या मालकानं हात वर केला, काहीतरी हवेबद्दल बोलला. मी पण बोलले. मराठीत. दोघंही खूश.

इथं लिहिते, कुणाला सांगणार नाही. सलील कराड म्हणाला तेव्हा मला आतून बरं वाटलं. महिन्याभरानं माझं विमान. शेजारच्या सीटवर रेवा. तिला खिडकी. शाळेतून येईल, दप्तर फेकेल, "आजी भूक!" म्हणेल.

प्रभाला फोन केला. कराडला आमच्या शेजारीच राहते ती. घराची किल्ली तुझ्याकडेच आहे ना, म्हटलं, जा आणि रेवाची गादी उन्हात टाक. प्रभानं विचारलं, "का गं, येतेय का?" मी म्हटलं, टाक तर खरं.

बुधवार, १२ मार्च

आज शाळेत जाऊन आले! मी! चौथीनंतर शाळेचा उंबरा ओलांडला तो सलीलच्या प्रगतीपुस्तकावर अंगठ्याएवढी सही करायला, तेवढाच.

शाळेत पालकांची एक खोली आहे. सोफा, चहाची किटली, बिस्किटं. बुधवारी सकाळी ब्रीदबाई सगळ्यांना बोलावते, बाहेरून आलेल्यांना जास्त करून. शाळेचे कागद कसे भरायचे, डॉक्टर कुठला, पोरांचं सॉकर कुठं चालतं, सगळं समजावते. ज्याला समजत नाही त्याला फोनमधून त्याच्या भाषेत ऐकवते. मला फोनमधून मराठीत म्हणाली, "आपले हार्दिक स्वागत आहे." आवाज बाप्याचा! मी पोट धरून हसले, तीही हसली.

माझ्या शेजारी युक्रेनची एक आजी. तिची नात रेवाच्याच खोलीत बसते. आजी मोजा विणत होती. मी टाका बघितला, हातानं विचारलं, तिनं उलगडून दाखवला. तास गेला. निघताना तिनं माझ्या गालाला हात लावला. नाव विचारायचं राहूनच गेलं.

ईफाबाईनं वर्गाबाहेरच्या भिंतीवर मोठा कागद लावलाय. त्यावर प्रत्येक पोराच्या घरच्यांनी आपल्या भाषेत "या" लिहायचं. खडू माझ्या हातात दिला. मी लिहिलं. या. चांगलं ठळक. भिंतीवर आता मी आहे!

एक मात्र विचित्र वाटलं. वर्गातली चिल्लीपिल्ली बाईंना म्हणतात, "ईफा! ईफा!" नुसतं. बाई नाही, काही नाही. हेडबाईंनाही नावानंच. या शाळेत तसंच आहे म्हणे, सगळे सारखे. मला तर ऐकूनच कानकोंडं झालं. आमच्या गुरुजींचं नाव मला आजही माहीत नाही. गुरुजी म्हणजे गुरुजी.

रेवा खाली मान घालून रंगवत होती. ओठ घट्ट मिटलेले.

सोमवार, १७ मार्च

इथल्या संताचा, पॅट्रिकचा सण. सगळं गाव हिरवं. मी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसले तर रस्त्यात तिघीचौघींनी फोटो काढले. सलील म्हणतो, "आई, मिरवणुकीपेक्षा तुझ्याकडेच लोक बघतायत." रेवा माझा हात धरून पुढं पुढं, मला दाखवत होती जशी काही तिनंच मला बनवलंय. पण शाळेतली पोरं दिसली, "हाय रेवा" म्हणाली, की पोरगी कासवासारखी आत.

बुधवार, १९ मार्च

सापडलं!

दुपारी रेवा बाहुल्यांची शाळा खेळत होती. मी तांदूळ निवडत बसलेले. म्हणजे इथल्या तांदळात काही नसतं, पण हाताला सवय. मोठी बाहुली बाई. छोटी बाहुली विद्यार्थीण. छोटी पाय आवळून बसलेली. मी म्हटलं, तिला शूला जायचं असेल गं, जाऊ दे की. रेवा म्हणाली, "तिला बाईंना हाक मारायची आहे. पण मारता येत नाही."

का?

"नाव घ्यावं लागतं ना."

मी हात थांबवला. म्हटलं, मग घे की नाव. तर माझ्याकडे बघत राहिली, जसं काही मीच खुळी. "आजी! मोठ्या माणसांना नावानं हाक मारतात का?"

मग सगळं आलं बाहेर. वर्गात काय, ईफाच्या खोलीत काय, काहीही विचारायचं तर आधी बाईंचं नाव घ्यायचं. हात वर केला की ईफा म्हणते, हो रेवा, बोल, आणि सगळी पोरं बघतात. पुढं काय? "टीचर" म्हटलं पहिल्या दिवशी, तर पोरं हसली, म्हणाली टीचर नाही, ईफा. मग रेवानं हात वर करणंच सोडलं. शब्द येतात तिला! मला म्हणून दाखवले, पाणी, शू, पेन्सिल, मला दुखतंय. सगळं तयार. पण पहिलंच पाऊल अडलेलं, आणि पुढचं सगळं त्याच्या मागं रांगेत उभं.

रात्रीच्या जेवणाला सांगितलं. योगिनीचा घास हातातच. आणि सलील — खो खो हसायला लागला. योगिनी म्हणाली, "हसताय काय? पोर सहा महिने गप्प आहे!" तर म्हणतो, "अगं, माझा मॅनेजर. युअर मॅन, म्हणजे आपला तो, डेक्लन. पहिल्या दिवसापासून सांगतोय, सर म्हणू नको, डेक्लन म्हण. दोन वर्षं झाली. मी त्याला काहीच म्हणत नाही. समोर जाऊन उभा राहतो आणि खोकतो."

"खोकता?"

"खोकतो. तो म्हणाला मला, डॉक्टरला दाखव."

हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रेवाही हसली. बापाला खोकून दाखवायला लावलं.

गुरुवार, २० मार्च

योगिनीनं शाळेत कळवलं. ब्रीदबाईचा लगेच फोन! म्हणाली, बरं झालं सांगितलं, आमच्या डोक्यातच आलं नाही. रेवाला जे म्हणायचं ते म्हणू दे. बाई म्हणू दे, मावशी म्हणू दे, ईफाला आवडेल. मला वाटलं, मिटलं!

पण रेवा. "सगळे ईफा म्हणतात. मला पण ईफाच म्हणायचंय."

मग म्हण की.

"नाही म्हणता येत."

कुणावर गेलीय ही!

शुक्रवार, २१ मार्च

रेवाला केस विंचरताना माझ्या लग्नाचं सांगत होते. म्हटलं, मला तुझ्या आजोबांचं नाव घेता येत नव्हतं. वरात घरी आली, दारात नणंदा आडव्या. नाव घे, मगच आत. आणि मग उखाण्यात घेतलं. उखाण्यात घेतलं की चालतं. गुंफून घेतलं की ते उद्धट होत नाही, मानाचं होतं. आयुष्यभर यांना "अहो" म्हटलं, पण उखाण्यात किती वेळा नाव घेतलं असेल! हळदीकुंकवाला बायका थांबवून थांबवून घ्यायला लावायच्या.

रेवा गर्रकन वळली. कंगवा केसातच. "आजी, ईफाचा कर!"

अगं, तो नवऱ्याचा असतो.

"ईफाचा कर ना!"

बसलो मग. दुपार गेली त्यात. खिडकीबाहेर ऊन-पाऊस-ऊन, इथलं आभाळ एका जागी बसत नाही. मी म्हटलं, "ईफाबाईंचं" घालू. रेवा म्हणे, नुसतं ईफा. मी म्हटलं, बाई असू दे. ती म्हणे, मग मात्रा जास्त होतात. मात्रा म्हणाली नाही, बोटं मोजून म्हणाली, "बसत नाही आजी." खरंच बसत नव्हतं. शेवटी हे झालं —

धुक्यातून विमान आलं, दिवे त्याचे चार,
ईफाचं नाव घेते, उघडा वर्गाचं दार.

घरभर म्हणत हिंडली. आंघोळीत म्हटला. सलीलला म्हणाली, "बाबा, तुला डेक्लनचा करून देऊ?"

सोमवार, २४ मार्च

सकाळपासून कशात लक्ष नाही. दूध उतू गेलं. खाडीवर गेले आणि न बसताच परत आले. शाळा सुटायच्या आधीच योगिनीला ओढत नेऊन फाटकाशी उभी.

ईफाबाई स्वतः बाहेर आली, धावत, कोट न घालता. योगिनीचा हात धरला आणि बोलतच सुटली. मी योगिनीच्या पदराला — म्हणजे जाकिटाला — ओढतेय, काय झालं, काय झालं!

झालं असं. योगिनीनं तिला सांगून ठेवलं होतं, दारात आडवं उभं राहायचं असतं. तर ही बया छोट्या खोलीच्या दारात दोन्ही हात पसरून उभी! एकेक पोर हाताखालून आत गेलं. रेवा तशीच बाहेर. ईफा हलली नाही. पोरगीही हलली नाही. ईफा म्हणाली, माझे हात दुखायला लागले होते. आणि मग रेवानं डोळे मिटले आणि खणखणीत म्हटला. अख्खा. मराठीत! कुणाला काय कळणार? पण मधे ईफा आलं ते सगळ्यांना कळलं. युक्रेनची नात टाळ्या वाजवायला लागली. आता ती म्हणते मलाही दारात अडवा. ब्राझीलचा एक आहे, तो म्हणतो मलाही.

आणि मग पुस्तक उघडून बसल्यावर रेवानं हात वर केला. "ईफा, कॅन आय गो टु द टॉयलेट?"

रस्त्यात उभी राहून मी एका शूसाठी रडले. माझ्यासारखी आजी या गावात दुसरी नसेल.

मंगळवार, २५ मार्च

बोलतेय! आजही बोलली. ब्रीदबाईचा निरोप.

गुरुवार, २७ मार्च

थांबतच नाही आता. ईफाला म्हणे सगळं सांगते. बाबा खोकतात तेही सांगितलं. घरी येऊन मला सांगते, मराठीत, मधे मधे इंग्रजी, आणि इंग्रजी असं गोल गोल, नाकातून-गळ्यातून, इथल्या पोरांसारखं. "आजी, शंकरपाळे प्रेसमध्ये आहेत." कपाटाला प्रेस म्हणतात इथं! मी कपड्यांच्या इस्त्रीजवळ शोधत बसले.

सलीलनं रेवाचं कराडचं तिकीट धरून ठेवलं होतं, ते आज सोडलं. फोनवर अंगठा फिरवला, झालं. म्हणाला, "आई, तुझ्यामुळे वाचलं सगळं." मी म्हटलं, माझ्यामुळे काय, तिच्या बाई दारात उभ्या राहिल्या म्हणून.

प्रभाला फोन केला. म्हटलं, गादी घडी घालून ठेव. डांबराच्या गोळ्या घालू का, एवढंच म्हणाली.

रविवार, ३० मार्च

गुढी उभारली! वरच्या खिडकीत, पडद्याच्या दांडीला. कडुनिंब नाही, इथल्या एका झाडाची कोवळी पानं लावली, देव समजून घेईल. आणि आजच इथली घड्याळं तासानं पुढं केली. म्हणजे तासभर कुणी गिळला कुणास ठाऊक. संध्याकाळ संपेचना. जेवणं झाली तरी उजेड. रेवा अंगणात शेजारच्या पोरीशी इंग्रजीत बोलत होती, मी खिडकीतून ऐकत होते. एक शब्द कळला नाही. पाण्याचा आवाज कळत नाही तसा. पण ऐकत बसावंसं वाटलं.

ती दूर दूर जात होती आणि मला इतका आनंद कसा होत होता!

बुधवार, २ एप्रिल

बॅग काढली. युक्रेनच्या आजीनं मोजे दिले, लाल. मी तिला खण दिला, ओटी भरली, नारळ इथं मिळतो. ती नारळ घेऊन नाचली.

शुक्रवार, ४ एप्रिल

आज दोघी बाया परत आल्या. योगिनी वर, ऑफिसच्या कॉलवर. म्हणून दुभाषी रेवा! मधे बसली, हात मांडीवर, मोठ्या बाईसारखी. शंकरपाळे झाले. चहा झाला. मग मी म्हटलं, सांग त्यांना, मंगळवारी माझं विमान आहे. पोरीला तुमच्या हवाली करून जाते.

रेवानं माझ्याकडे बघितलं. मग त्यांच्याकडे वळली आणि बोलायला लागली. केवढं बोलली! एकदा अडखळली नाही. ईफानं टाळ्या वाजवल्या. ब्रीदनं माझे दोन्ही हात धरून हलवले. मला वाटलं, निरोप घेतायत. मी डोळे पुसले.

त्या गेल्यावर बघते तर योगिनी जिन्याच्या पायरीवर, तोंडावर हात धरून. हसत होती की रडत होती, कळेना.

"आई, ती म्हणाली, माझी आजी आता इथंच राहते. तिला पण इंग्रजी शिकायचंय, तिलाही तुमच्या खोलीत घ्या."

दोघी हो म्हणून गेल्यात. गुरुवारी परत येणार आहेत, माझं पुस्तक घेऊन.